लीशियाचं वजन

लीशियाला, म्हणजे उन्हाळा लागतो त्या दिवशी, आमच्याकडे लेकरांचं वजन करतात. भरदुपारी तुळईला दांडीचा काटा टांगला होता. तापातून उठलेल्या माझ्या लेकाला, रुईआनला, मी काट्याच्या टोपलीत बसवलं.

सासूबाई दांडीवरचं वजन बाहेरच्या बाजूलाच सरकवत होत्या. आत सरकलं तर मूल खंगतं.

दांडी आडवी स्थिरावली. “बघ, चांगलं गुबगुबीत डुक्कर झालंय! उगाच रडत होतीस,” सासूबाई म्हणाल्या.

मी हसून रुईआनला कडेवर घेतलं. रिकामी टोपली वर गेलीच नाही. दांडी तशीच आडवी.

“आई, काटा अडकलाय का?”

“अगं, वजनाला हात लावू नकोस!” सासूबाई ओरडल्या.

माझे दोन्ही हात रुईआनभोवती होते. वजन एकेक खूण आत सरकत होतं, आणि कडेवरचा रुईआन हलका होत चालला होता.