चित्राबरहुकूम

घशातली गाठ सुजून थुंकीही गिळवेना, तेव्हा चित्रकार इशाक नाक मुठीत धरून अमास्या शहरातल्या दवाखान्यात, उस्ताद तुरसुन यांच्यासमोर आला. दोन वर्षांपूर्वी या शस्त्रवैद्यांच्या पुस्तकात त्याने अवजारांची चित्रं काढली होती. त्यावरूनच दोघांचं फाटलं होतं. घशातली गाठ धरायचा नाजूक आकडा इशाकने तिप्पट मोठा काढून त्यावर वेलबुट्टी चढवली होती.

"अरे, लोहार चित्राच्या मापाचंच अवजार घडवतात," उस्ताद तेव्हा ओरडले होते.

"इवल्याशा आकड्याने पान ओकंबोकं दिसतं," इशाक म्हणाला होता. "तुम्ही तुमची कापाकापी बघा, मला चित्रं शिकवू नका." आणि ते पान त्याने तसंच बांधणीला धाडलं होतं.

आज उस्तादांनी त्याला बसवलं आणि अवजारांचं फडकं सोडलं. आतला आकडा पाहून इशाकचे डोळे पांढरे झाले. त्याच्याच चित्रातला होता, वेलबुट्टीसकट.

"हा माझ्या तोंडात जायचाही नाही," तो कसाबसा म्हणाला. "सूड उगवायला घडवून घेतलात ना?"

"मी नाही घडवला." उस्तादांनी तो आकडा त्याच्या मांडीवर ठेवला आणि आपला जुना, बारीक आकडा उचलला. "तोकात गावच्या वैद्याने घडवून घेतला, तुझं पान समोर ठेवून. तिथे दिलेल्या माझ्या लेकीच्या घशासाठी. तिच्या मातीला गेलो, तेव्हा त्याच्याकडून मागून आणला. आ कर."