गळकी खोली

वृद्धाश्रमात बाबांना भेटायला आलेला मुलगा दारातच थबकला. छताचा पोपडा पडून उशीवर चुरा झाला होता, चादर ओलीच होती आणि बाथरूममधून घाण वास येत होता. त्याने तिथूनच मॅनेजरला हाका मारल्या. "अहो, माणसं राहतात इथे! गोठ्यातसुद्धा रोज झाडू फिरतो!"

मॅनेजर आले, खोलीभर नजर फिरवून खाली मान घालून म्हणाले, "खरंय तुमचं. सफाईच्या बाई सोडून गेल्या, गळती काही केल्या थांबत नाही. मी तरी काय करू? असं करा, बाबांना आजच घरी घेऊन जा."

मुलाचा आवेश एकदम ओसरला. घरी दिवसभर कुणी नसायचं, आणि बाबांना तर कूससुद्धा दुसऱ्या कुणीतरी बदलून द्यावी लागायची. तो आत येऊन उशीवरचा चुरा हाताने झाडू लागला.

बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग मॅनेजरकडे बघून ते कसनुसं हसले.



"मला इथे काही त्रास नाही, साहेब. त्याचं मनावर घेऊ नका, लहानपणापासूनच तो जरा जास्तच टापटिपीचा आहे."