सोबतच्या माणसाची सही

इस्पितळाचा रेकॉर्ड क्लार्क फाइल छातीशी धरूनच साक्षीच्या पिंजऱ्यात चढला, कुणी तान्हं पोर सांभाळायला दिल्यासारखी.

"वीस वर्षं झाली नोकरीला, मॅडम. एक कागद इकडचा तिकडे नाही."

"विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

फाइल बायकोची होती. समन्स काढून ती मागवली होती नवऱ्याने. घटस्फोट दोघांनाही हवा होता. अडलं होतं आठ वर्षांच्या लेकीपाशी.

नवऱ्याच्या वकिलाने खुणेचं पान उघडलं. "मनोविकार विभाग. अकरा महिने गोळ्या. आणि नवऱ्याला पत्ता नाही! जिला स्वतःचं मन आवरत नाही, ती पोर काय सांभाळणार?"

"सांगितलं होतं मी," बायको जागेवरूनच म्हणाली. "'रिकामं डोकं, दुसरं काय,' म्हणाले."

नवरा खिडकीकडे बघत राहिला.

न्यायाधीशबाईंनी क्लार्ककडे मान वळवली. "अशा गोळ्या पेशंटच्या एकटीच्या हातात देता?"

"छे, मॅडम! सोबतच्या माणसाची सही लागते. त्याशिवाय औषधाच्या खिडकीवरून गोळी हलत नाही."

"मग सही कोणाची आहे?"

क्लार्कने पान उलटलं. आणखी एक उलटलं. त्याचे कान लाल झाले. "खिडकीवर गर्दी असते, मॅडम. सहीची चौकट भरलीय ना, एवढंच बघतात. चुकलंच ते."

"कोणाची?"

"मुलीची."

वकील ताडकन उठला. "ऐकलंत? तेव्हा सात वर्षांची पोर, जबाबदार माणूस म्हणून! मला आता काही बोलायलाच नको."

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं.

"फाइल वडिलांना दाखवा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "अक्षर ओळखता का, सांगा."

नवऱ्याने पहिलं पान पाहिलं. चौकटीत एकच अक्षर होतं, बोटभर उंच, बाहेर सांडलेलं. पुढच्या पानावर नाव होतं, वेलांटी उलट्या बाजूला. मग नाव आणि आडनाव, मधे खोडून भोक पडलेलं. तो पानं उलटत गेला. अक्षरं हळूहळू लहान झाली, चौकटीच्या आत आली, ओळीवर उभी राहिली. शेवटच्या भेटीच्या पानावर तीन शब्द होते, दाबून लिहिलेले. मधला शब्द त्याचं स्वतःचं नाव होतं.

वकिलाने त्याच्या कोपराला हात लावला. "ओळखता, एवढंच म्हणा."

तो वकिलाकडे वळला नाही.

"माझं नाव हिला लिहायला कधी आलं?" त्याने विचारलं. कुणाला, ते कळलं नाही.

बायको मान खाली घालून बसली होती. आपल्यालाच विचारलं असं समजून क्लार्कने फाइल हातात घेतली, थुंकी लावून पानं मागे उलटली, आणि खणखणीत आवाजात तारीख वाचून दाखवली.