तिसऱ्या मजल्याचा जकातनाका

खाली गल्लीतल्या तोनिनोच्या दुकानातून टोपली निघाली तेव्हा तिच्यात तीन वस्तू होत्या: क्रीमचा डबा, केचपची बाटली आणि अननसाच्या फोडींचं टिन. चौथ्या मजल्यावरून वेंडेल दोरी ओढत होता. घाई अजिबात नव्हती. वरातीतल्या घोड्यासारखी टोपली डुलत डुलत वर चढत होती.

त्याच्या मागे खुर्ची टाकून सासूबाई बसल्या होत्या. कालच अमेरिकेतून, आयोवाहून आलेल्या.

"चला जावईबापू, दाखवा तुमची करामत," त्या म्हणाल्या. "चर्चमधल्या बायकांना तुझ्या पदार्थांचे फोटो दाखवून दाखवून माझा अंगठा दुखला. आज डोळ्यांनी बघणार."

"बघाच तुम्ही," वेंडेल म्हणाला, आणि त्याने टोपली तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर आणून थांबवली.

कारण जकातनाका तिथे होता. तिसऱ्या मजल्यावर दोन्ना एर्सिलिया राहायच्या; दोन्ना म्हणजे बाईसाहेब. वय पंचाहत्तर, आवाज तोफेचा. पास्त्यात क्रीम घालणारा माणूस त्यांच्या लेखी चोरापेक्षा वाईट. वेंडेल आणि त्याची बायको ओपल नेपल्सला राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात बाईंना त्याच्या टोपलीत क्रीम दिसलं. त्यांनी गल्लीभर बोंब ठोकली, क्रीम जप्त केलं आणि त्या जागी आपल्या चुलीवरचं गरमागरम भांडं ठेवून टोपली वर पाठवली.

वेंडेलला त्या दिवशी अक्कल आली. तेव्हापासून गडी ठरवून क्रीम मागवायचा. घरी कोणी जेवायला असलं तर केचपसुद्धा. जेवढा मोठा गुन्हा, तेवढं मोठं भांडं. मग त्या भांड्याचा फोटो काढायचा आणि आयोवाला सासूबाईंना धाडायचा: 'आज हे केलं.' ओपल गालातल्या गालात हसायची आणि जेवायची. खरं सांगायचं तर वेंडेलला साधं अंडं उकडता येत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरून हात बाहेर आला. टोपलीवरचं फडकं उचललं गेलं.

"क्रीम?"

"क्रीमच, दोन्ना."

"आणि हे लाल?"

"केचप. पास्त्यावर."

"अननस कशाला?"

"वरून पेरायला!" वेंडेलने हुकमाचं पान टाकलं.

समोरच्या बाल्कनीतली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. खाली तोनिनोने दुकानातून मान बाहेर काढली. अख्खी गल्ली बोंबेची वाट बघत होती.

"छान," दोन्ना एर्सिलिया म्हणाल्या. फडकं नीट झाकलं, टोपलीला एक थाप दिली. "ओढ."

वेंडेलचे हात दोरीवरच थिजले. "दोन्ना, बरं नाही का तुम्हाला?"

त्यांनी मान बाहेर काढून वर पाहिलं. केस बसवलेले, कानात मोत्यांचे डूल, ओठांना लाली.

"ठणठणीत आहे मी. तोनिनो म्हणाला, तुझी सासू आलीय आणि आज तू रांधणार आहेस. म्हटलं, इतके महिने या लेकाला आपण खाऊ घातलं, आता जरा याच्या हातचं खाऊन बघू. मी आज चूलच पेटवली नाही. थांब, येते वर."

"काय म्हणतेय ती?" सासूबाईंनी विचारलं.

"वास छान सुटलाय म्हणते."

"कशाचा? गॅस तर पेटवला नाहीस अजून!"

ओपल कामावर. घराला एकच दार, दाराबाहेर जिना, आणि जिन्यात दोन्ना एर्सिलियांच्या चपला वाजत होत्या. पळणार कुठे?

बाई आल्या त्या धापा टाकतच. सासूबाईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि थेट फळीकडे वळल्या. "अगंबाई! हे इथे होय!" म्हणत एक भांडं काढलं. हे माझं. मग दुसरं. हेही माझं. निळ्या काठाची, पोटावर कोंबडा रंगवलेली भांडी एकेक करत टेबलावर येऊ लागली. टेबल भरलं.

सासूबाईंना इटालियनचा गंध नाही. पण कोंबडे त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. त्यांनी पर्समधून फोन काढला, चष्मा लावला आणि फोनमधला फोटो एका भांड्याशेजारी धरला. इकडे कोंबड्याच्या शेपटीचा टवका उडालेला, तिकडेही उडालेला.

त्यांनी भांड्याकडे पाहिलं, दोन्ना एर्सिलियांकडे पाहिलं. मग वेंडेलकडे. वेंडेलचे कान केचपच्या रंगाचे झाले होते.

"म्हणजे चर्चमध्ये मी इतके दिवस कौतुक करतेय ते या बाईंचं?"

"हो."

"आणि तुला काय येतं?"

वेंडेलने जरा विचार केला. "दोरी ओढता येते."

सासूबाईंचे ओठ घट्ट मिटले. मग खांदे हलायला लागले, मग पोट, आणि शेवटी बाई अशा हसत सुटल्या की खुर्ची करकरली. त्यांनी हवेत दोरी ओढण्याची नक्कल करून वेंडेलकडे बोट दाखवलं. दोन्ना एर्सिलियाही टेबलावर हात आपटत हसू लागल्या.

मग एकीने त्याच्या हातात कांदा दिला, दुसरीने सुरी.

पुढे जे झालं त्याला स्वयंपाक म्हणायचं तर म्हणा. कांद्याच्या फोडी एवढ्या जाड की दार उघडं ठेवायला त्याखाली अडकवता आल्या असत्या. एकीने गॅस बारीक केला की दुसरी मोठा करायची, आणि दोघी मिळून वेंडेलला झापायच्या, दोन भाषांत, एकाच वेळी. क्रीमला हात लावायला गेला तर दोन्ही मनगटांवर चमचे बसले.

शेवटी ताटं वाढली. कांदा एका बाजूने करपलेला, पास्ता गिच्च, वर चीज. वेंडेल बसलाच नाही. घामाघूम होऊन उभा राहिला.

दोन्ना एर्सिलियांनी पहिला घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. मग काटा खाली ठेवून त्यांनी असा एक ठेवणीतला शब्द टाकला की समोरच्या बाल्कनीतल्या बाईने कानांवर हात ठेवले.

"अगदी माझ्या मनातलं बोलल्या," सासूबाई म्हणाल्या, आणि आणखी वाढून घ्यायला ताट पुढे केलं.