दर्भाचा कावळा

नलूच्या दहाव्याचा पिंड बाणगंगेच्या काठावर ठेवून पाऊण तास झाला तरी कावळा शिवेना. तिचा मुलगा हितेंद्र भाताच्या हातानंच मोबाइल बघत होता. "ब्लॉकचेनचं मोठं अपग्रेड चालू आहे, बाबा. काल दुपारपासून सगळं ठप्प, क्रिप्टोतले पैसे अडकलेत. लोक घाबरतात. आपण धीर धरायचा." भिकाजींना किळस आली. आईच्या खाटेपाशी या पठ्ठ्याला दहा मिनिटं बसवत नव्हतं. नलू मात्र शेवटच्या दिवसापर्यंत दाराकडे बघून विचारायची, "आला का?" एवढ्यात हितेंद्र करवादला, "भटजी, दर्भाचाच कावळा करून उरका ना! किती वेळ थांबायचं?" भटजींनी दर्भ उचलला. भिकाजींनी त्यांचा हात अडवला. पिंडापुढे वाकून ते म्हणाले, "नलू, याची वाट बघू नकोस आता. हा यायचा नाही." भिंतीवरचा कावळा उतरला, पिंडाला शिवून उडाला. हितेंद्रनं मोबाइलमधून मान वर काढली. "आला का?"