राखीव मेमरी

डिलाईल रोडच्या ऑफिसात अनुजा तांडेल आपला कोड टीमच्या प्रमुखांना, विजयकर सरांना समजावत होती. "सर, या व्हर्च्युअल मशीनची सगळी मेमरी एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असते. डिस्कला, नेटवर्क कार्डाला ती वाचता येत नाही. ऐन कामात ड्रायव्हरने, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रोग्रॅमने मेमरी मागितली, तर कुलूप काढेपर्यंत त्याला थांबता येत नाही. म्हणून थोडी मेमरी आधीच उघडी राखून ठेवलीय."

सर स्क्रीनकडे न बघताच हसले. "तुमच्या काळाचौकीत गणपतीच्या मंडपासाठी रस्ता अडवता, तशी इथे मेमरी अडवलीस होय? थांबता येत नाही म्हणे! मग थांबायला शिकव त्याला." आणि सगळ्यांदेखत त्यांनी त्या ओळी उडवून टाकल्या.

गुरुवारी बँकेच्या लोकांसमोर डेमो सुरू झाला आणि तिसऱ्या मिनिटाला ड्रायव्हरने मेमरी मागताच मशीन आडवं झालं. सरांचं हसू कुठच्या कुठे पळालं.

"अनुजा, कर ना काहीतरी, प्लीज," ते कुजबुजले.

तिने त्याच ओळी परत घातल्या. डेमो पार पडला, काम मिळालं. बँकेच्या साहेबांनी हात मिळवला तो सरांशी.

संध्याकाळी सगळ्या टीमला सरांचा मेल आला: 'सोमवारी माझं व्याख्यान. विषय: मेमरी आधीच राखून ठेवण्याचं महत्त्व. हजेरी सक्तीची.'

खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती.


'प्रश्नांची उत्तरं अनुजा देईल.'