साहेब सगळं ऐकतात

हेरखात्याचे प्रमुख देशाचे पंतप्रधान झाले आणि पहिल्याच भाषणात म्हणाले, "मी तुमचं सगळं ऐकेन." बद्रियाखालाला ते खरं वाटलं. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून ती वीज कचेरीत अकरा वेळा जाऊन कोकलून आली. अकराही वेळा उत्तर एकच, "नोंद घेतली आहे." बाहेर ऊन पन्नास अंशांवर आणि फ्रीजमधलं मांस नासून गेलेलं.

शेवटी तिचं डोकंच फिरलं. तिने बहिणीला फोन लावला. "नजात, हा मेला जन्मभर चोरून लोकांचे फोन ऐकत बसला आणि खुर्ची मिळाल्यावर बहिरा झाला! आग लागो त्याच्या खुर्चीला!"

अर्ध्या तासात हेरखात्याची दोन माणसं दारात हजर. खाला जराही घाबरली नाही. तिने सरळ विजेच्या खांबाकडे बोट दाखवलं. "आलात बाबांनो? तो बघा, तिथं जळलाय."



त्या दोघांतला मोठा अधिकारी घाम पुसत हळूच म्हणाला, "खाला, फोनवरचा शब्दन् शब्द साहेबांकडे जातो. पुढच्या वेळी शिव्या घालताना आमच्याही गल्लीचं नाव घ्या."